कुणाला काय दिसतं?

पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. दिवसाला किती वेळ द्यायचा, रात्री फोन काढून घ्यायचा का, दहावीच्या वर्षी नेट बंद करायचं का. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यामागची तुमची घालमेलही खरी आहे. पण शाळेत मुलांशी आणि तुमच्याशी बोलताना मला सारखं वाटत आलंय की यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो फारसं कुणी विचारत नाही. आपल्या लेकराचा फोटो, नाव, शाळा, वाढदिवस, क्लासची वेळ हे सगळं आत्ता कुणाकुणाला दिसतंय? त्याविषयी आज थोडं मोकळेपणानं बोलते.

आठवी-नववीतल्या मुलाचा नंबर किती जणांकडे असतो, जरा अंदाज घ्या. वर्गाचा ग्रुप, क्लासचा ग्रुप, स्कॉलरशिपच्या बॅचचा, गॅदरिंगच्या नाचाचा, सोसायटीच्या क्रिकेटचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये जितकी माणसं, तितक्या सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसतात, आणि एका ग्रुपात हजारावर माणसं मावतात. क्लासच्या मोठ्या ग्रुपातली निम्मी नावं मुलाच्या ओळखीची नसतात, तुमच्याही नसतात. त्यातल्या एखाद्यानं नुसता नंबर सेव्ह केला, तर पुढे काय काय दिसतं ते बघा. प्रोफाइल फोटोची सेटिंग ‘एव्हरीवन’वर असेल, तर चेहरा दिसतो. नावाखालची ‘अबाउट’ची ओळ दिसते. ग्रुपात आईचा नंबर असेल आणि तो एखाद्या पैसे पाठवायच्या ॲपमध्ये टाकला, तर बँकेत नोंदवलेलं आईचं पूर्ण नाव समोर येतं. आपल्याकडे पूर्ण नावात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आलंच, आडनाव आलंच. आता मुलाचं नाव आणि आडनाव घेऊन इन्स्टाग्रामवर शोधायचं. तिथे शाळा, इयत्ता, गाव लिहिलेलं असतं. मित्रांनी टाकलेल्या ‘हॅपी बर्थडे भाई’वरून तारीख कळते.

यात कुणी काही फोडलेलं नाही, कुणाचा पासवर्ड चोरलेला नाही. जे उघड्यावर होतं तेवढंच एका जागी गोळा केलं. ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, प्रकरण मिटवायचं असेल तर लगेच पैसे पाठवा’ असे पोलिसांच्या नावाने येणारे फोन तुम्ही ऐकले असतील, तुमच्यापैकी काहींना आलेही असतील. पलीकडचा माणूस मुलाचं नाव घेतो, कधी शाळा किंवा कॉलेजही सांगतो, आणि तेवढ्यानं आईच्या पायाखालची जमीन सरकते. एवढं माहीत आहे म्हणजे खरंच असणार, असं त्या क्षणी वाटतं. असा फोन आला तर आधी तो ठेवायचा आणि मुलाला किंवा शाळेला थेट फोन लावायचा. आणि त्या माणसाला एवढं कळलं कुठून, याचा शोध बहुतेक वेळा आपल्याच प्रोफाइलपाशी येऊन थांबतो.

आपल्या जुन्या घरांना याची समज होती. दूधवाला, पोस्टमन अंगणात. कामानिमित्त आलेला माणूस ओसरीवर, त्याला तिथेच पाणी. नात्यातले, घरोब्यातले माजघरापर्यंत. स्वयंपाकघरात कोण येणार हे तर न सांगता ठरलेलं. कुणाचा अपमान होत नसे, कारण कोण कुठवर येणार हे येणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि घरातल्या पोरांनाही. ॲपमध्येही असेच टप्पे असतात. सगळे, ओळखीचे, ठरावीक माणसं, कुणीच नाही. पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. ओसरीवर बसलेला पाहुणा दिसायचा. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर येऊन गेलेला परका माणूस मुलाला दिसतच नाही.

मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. वर्गात उभं राहून बोलायचं असेल तर पोराला समोर चाळीस तोंडं दिसतात आणि तो आपोआप जपून बोलतो. फोनवर त्याला दिसतात ती लाइक देणारी, कॉमेंट करणारी दहा-वीस नेहमीची मंडळी. मग त्याला वाटतं, आपण त्यांच्याशीच बोलतोय. आणि हे फक्त पोरांचं होतं असं नाही. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मायकेल बर्नस्टाइन आणि फेसबुकचे संशोधक यांनी मिळून सुमारे २ लाख २० हजार लोकांच्या पोस्ट किती जणांपर्यंत पोचतात ते तपासलं, आणि त्या लिहिणाऱ्यांना काय वाटतं तेही विचारलं. आपली पोस्ट जितक्यांनी पाहिली त्याच्या जेमतेम २७ टक्के लोकांनी ती पाहिली असावी, असा लोकांचा अंदाज निघाला. म्हणजे जिथे शंभर जण बघत होते, तिथे लिहिणाऱ्याला पंचवीस-तीस वाटत होते. मोठ्या माणसांचा अंदाज एवढा चुकत असेल, तर तेरा वर्षांच्या पोरीचा चुकला म्हणून तिच्यावर डाफरण्यात अर्थ नाही. तिला ते बघणारे दिसतील अशी सोय आपण करायची.

एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी नववीत. ‘मॅडम, ही सारखी इन्स्टावर असते, अकाउंट बंद करायला सांगा.’ मुलगी ताठ बसलेली. तिचं म्हणणं, ‘माझं अकाउंट प्रायव्हेट आहे, मग काय प्रॉब्लेम आहे?’ मी आईला म्हटलं, तुमच्या फोनवर, तुमच्या अकाउंटवरून हिचं प्रोफाइल उघडा. आई तिला फॉलो करत नव्हती, म्हणजे इन्स्टाग्रामच्या हिशोबानं आई परकीच. प्रोफाइल उघडलं. फोटो, रील काही दिसलं नाही, मुलीचं म्हणणं खरं होतं. पण अकाउंट प्रायव्हेट केलं तरी नाव, प्रोफाइल फोटो आणि बायो सगळ्यांना दिसतच राहतं. मी मुलीला बायो मोठ्यानं वाचायला सांगितला. शाळेचं आखूड नाव, ‘नववी ब’, गाव, केकचं चित्र आणि तारीख, रॅकेटचं चित्र, पुढे क्लबचं नाव. प्रोफाइल फोटो गणवेशातला, खिशावरचं बोधचिन्ह अगदी स्वच्छ.

ती वाचता वाचता म्हणाली, ‘म्हणजे मी संध्याकाळी कुठे असते ते कुणालाही कळेल.’

हे तिला मी सांगितलं नाही, आईनंही सांगितलं नाही. रोज तेच प्रोफाइल ती आतून बघत होती. पहिल्यांदा बाहेरून बघितलं आणि तिचं तिला उमगलं. शाळा, तुकडी, तारीख, क्लब तिनं तिथेच काढून टाकलं. रॅकेट ठेवली. फोटो बदलून मांजराचा लावला. मग मी फॉलोअर्सची यादी उघडायला सांगितली. शेकड्यांनी नावं होती. यातली कोण रस्त्यात दिसली तर ओळखशील, असं विचारलं तर ती ‘ही मैत्रिणीची मैत्रीण, हा टूर्नामेंटला भेटला होता, हा… माहीत नाही’ असं करत खाली खाली जात राहिली. काढून का टाकत नाहीस म्हटल्यावर तिनं खरं कारण सांगितलं: ‘त्यांना कळलं तर राग येईल ना.’ इन्स्टाग्रामवर फॉलोअर काढून टाकला तर त्याला तसा निरोप जात नाही. एवढं कळल्यावर तिचं बोट भराभर चालायला लागलं.

आईला अकाउंट बंदच हवं होतं, ते झालं नाही. पण निघताना दोघी बोलत बोलत गेल्या, हे मला जास्त मोलाचं वाटलं.

हे मी सविस्तर सांगितलं, कारण ‘प्रायव्हेट आहे’ या वाक्यावर बहुतेक घरांत चर्चा संपते. प्रायव्हेट अकाउंटला नऊशे फॉलोअर्स असतील तर ते कसलं प्रायव्हेट? शिवाय मुलानं मित्राच्या उघड्या पोस्टवर कॉमेंट केली तर ती कॉमेंट उघडीच असते. मित्रानं आपल्या उघड्या अकाउंटवर दोघांचा फोटो टाकला तर तो उघडाच असतो. फोटो कुणाला दिसणार हे टाकणारा ठरवतो, फोटोतला नव्हे.

इन्स्टाग्रामनं सप्टेंबर २०२४ मध्ये मुलांसाठी ‘टीन अकाउंट’ आणलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून ते भारतातही सुरू केलं. अठराच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणूस थेट मेसेज पाठवू शकत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर पालकांची परवानगी लागते. सोय चांगली आहे. पण ती मुलानं दिलेल्या जन्मतारखेवर चालते. पाचवी-सहावीत अकाउंट उघडताना ‘तेरा पूर्ण नाहीत’ म्हणून आपलीच पोरं मनानं एखादं जुनं साल टाकून मोकळी होतात. मग तेरा वर्षांचा मुलगा कंपनीच्या लेखी बावीस वर्षांचा असतो आणि यातलं एकही कुंपण त्याला लागू होत नाही. म्हणून मुलाशेजारी बसाल तेव्हा आधी तिथे जन्माचं कुठलं साल आहे ते बघा. ते चुकीचं निघालं तर ओरडू नका. दुरुस्त करून घ्या.

आता थोडं तुमच्याविषयी. रागावणार नाही ना?

तुमच्यापैकी बरेच जण फेसबुकवर आलात ते २००९ ते २०१३ च्या सुमाराला. आज नववी-दहावीत असलेली मुलं तेव्हाच जन्मली. बारशाचा फोटो, पहिलं पाऊल, पहिला वाढदिवस, बालवाडीच्या गेटवरचं रडणं, सगळं हौसेनं तिथे टाकलं गेलं. मे २०१४ पर्यंत फेसबुकवर नव्यानं येणाऱ्याची पोस्ट, त्यानं स्वतः बदललं नाही तर, ‘पब्लिक’ असायची. म्हणजे जगात कुणालाही दिसेल अशी. त्यानंतर ती ‘फ्रेंड्स’वर आली. शिवाय डिसेंबर २००९ मध्ये कंपनीनं रचना बदलली तेव्हा लोकांनी झाकून ठेवलेल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ मित्रांची यादी, न विचारताच उघड्या पडल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्याबद्दल कंपनीवर ठपका ठेवला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. तुमच्या त्या वेळच्या पोस्ट आज कुठल्या खुणेखाली आहेत हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

खूण शोधायला सोपी आहे. फेसबुकवर पोस्टच्या तारखेशेजारी एक बारीकसं चित्र असतं. पृथ्वीचा गोल असेल तर सगळ्या जगाला दिसतं. दोन माणसं असतील तर मित्रांना. कुलूप असेल तर फक्त तुम्हाला. एवढंसं चित्र, पण कोण बघतंय हे सांगणारं तिथे तेवढंच आहे. मुलाच्या जन्माच्या वर्षापर्यंत मागे जा आणि गोल किती सापडतात ते बघा. एकेक बदलत बसायचं नसेल तर सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या पोस्ट एकदम मित्रांपुरत्या करायची सोय आहे. आपल्याच प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत ‘व्ह्यू ॲज’ म्हणून एक गोष्ट आहे. ती दाबली की आपलं प्रोफाइल परक्याला कसं दिसतं ते दिसतं. २०१७ मध्ये प्रोफाइल फोटोला संरक्षण द्यायची सोय फेसबुकनं आधी भारतातच आणली, कारण कित्येक बायका भीतीपोटी स्वतःचा चेहराच लावत नव्हत्या. २०२० मध्ये अख्खं प्रोफाइल लॉक करायची सोयही इथे आली. या दोन्ही आपल्या हाताशी आहेत, वापरा.

मित्रांची यादीही झाका. तुमचा फोटो आणि नाव उचलून दुसरं खातं काढायचं आणि यादीतल्या एकेकाला ‘अर्जंट पैसे हवेत’ म्हणून मेसेज करायचा, हा प्रकार गावोगाव झालाय. यादी दिसली नाही तर त्या माणसाला कुणाकडे जावं हेच कळत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. त्याच ‘व्ह्यू ॲज’मध्ये २०१८ मध्ये मोठी फट निघाली होती. तिच्यातून सुमारे ३ कोटी खात्यांत शिरायच्या डिजिटल किल्ल्या चोरीला गेल्या. कंपनीनं ती सोय बंद केली आणि दुसऱ्या वर्षी दुरुस्त करून परत आणली. म्हणजे सेटिंग नीट लावली तरी ज्या गोष्टीनं लेकराचं खरंच नुकसान होईल ती टाकूच नये. आंघोळीचा, उघड्या अंगाचा बाळाचा फोटो, आजारपणाचे कागद, आधार कार्ड हे कुठल्याच कुलपाच्या भरवशावर ठेवायचं नाही.

आपल्याकडे निकालाच्या दिवसांत जे होतं त्याचीही मला फार काळजी वाटते. परीक्षेआधी मुलं हॉल तिकीट हातात धरून फोटो काढतात आणि ‘ऑल द बेस्ट मी’ म्हणून स्टेटसला ठेवतात. आई-वडीलही ठेवतात. महाराष्ट्र बोर्डाचा निकाल बघायला लागतात दोनच गोष्टी: सीट नंबर आणि आईचं नाव. स्टेटस पाहिलेल्या कुणालाही, भांडण झालेल्या मित्रालाही, त्या मुलाचे विषयवार गुण त्याच्या आधी बघता येतात आणि ग्रुपवर टाकता येतात. गणितात काठावर पास झालेल्या पोराला हे किती लागत असेल! मग ज्यांना बरे मार्क मिळाले त्यांचे फ्लेक्स लागतात. क्लासच्या बाहेर चौकात मुलीचा फोटो, पूर्ण नाव, टक्केवारी, आणि मग त्याच फ्लेक्सचा फोटो क्लासच्या फेसबुक पेजवर. अभिमान वाटणारच, वाटावाच. पण फ्लेक्स लावण्याआधी मुलीला विचारलंय का? क्लासवाल्यांना ‘फोटो चालेल, ऑनलाइन नको’ किंवा ‘फक्त पहिलं नाव टाका, आडनाव नको’ असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. शाळेलाही सांगा. आम्हा शिक्षकांनाही सांगणारं कुणी लागतं. बक्षीस समारंभाचे फोटो पेजवर चढवताना मुलांची नावं, तुकडी खाली लिहायची आमची जुनी सवय आहे, ती पालकांनी विचारल्याशिवाय मोडणार नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती लागेल असं म्हटलं आहे. संमती तुमची, हे खरं. पण बारा-तेराच्या पुढच्या मुलाला न विचारता तुम्ही ती देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

नात्यातल्यांचंही बघायला हवं. आत्या, मामा, काकू प्रेमानं फोटो टाकतात आणि चार जणांना टॅग करतात. फेसबुकवर टॅग केलं की पोस्ट सहसा टॅग झालेल्या माणसाच्या मित्रांनाही दिसू शकते. म्हणजे मुंजीचा फोटो आत्यानं मित्रांपुरता टाकला तरी चार टॅगमुळे चार अनोळखी यादीतल्या लोकांसमोर तो जातो. आत्याला सांगायला अवघड वाटतं, मला कळतं. ‘तो आता मोठा झालाय, त्याला विचारून टाकत जा ना’ एवढं म्हटलं तर कुणाला फार लागत नाही. परदेशात असलेल्या काकांना फोटो हवेच असतात, ते त्यांना थेट पाठवता येतात.

व्हॉट्सॲपचं एक सांगते, कारण त्यावरून घरोघर रुसवे होतात. सेटिंगमधल्या प्रायव्हसीत गेलात की लास्ट सीन, प्रोफाइल फोटो, अबाउट, स्टेटस आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, हे सगळं एकाच पानावर आहे. फोटो ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणा. ग्रुपचंही तसंच करा, म्हणजे कुणीही उठून मुलाला भलत्या ग्रुपात ओढणार नाही. तिथेच ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ असा पर्याय दिसेल. म्हणजे सगळ्या ओळखीच्यांना दाखव, अमुक एक सोडून. तुमची मुलं तो पर्याय उत्तम वापरतात, आणि त्या ‘अमुक एका’त बहुधा तुम्ही असता. एक बाबा फार दुखावून सांगत होते, ‘मुलानं स्टेटस माझ्यापासून लपवलंय, शेजाऱ्याच्या पोराकडून कळलं.’

मला यात वाईट दिसत नाही. जो मुलगा बाबांपासून स्टेटस झाकू शकतो, त्याला कुणाला काय दाखवायचं याची जाण आहे. तीच जाण आपल्याला हवी आहे, तिचा रोख तेवढा आपल्यावरून परक्यांकडे वळवायचाय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आपलं मूलही या देशाचं नागरिक आहे. मित्रांशी केलेली चेष्टा, एखादं हळवं गाणं, कुणावरचा राग, एवढं त्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं. म्हणूनच मुलांचे सगळे मेसेज चोरून वाचणारी ॲप घालायचा सल्ला मी कधीच देत नाही. एकतर मुलाला कळतंच, आणि कळलं की ते पुन्हा मोकळेपणानं बोलत नाही. दुसरं म्हणजे त्या ॲपवाल्यांकडे मुलाचं सगळंच जातं. बघणाऱ्यांची गर्दी कमी करायला निघालो आणि आपणच त्यात एक परका आणून बसवला.

ठिकाणाचं मात्र कडक असावं. स्नॅपचॅटच्या नकाशावर मूल आत्ता कुठे आहे हे मित्रांना दिसू शकतं, त्यावर ‘घोस्ट मोड’ लावला की दिसत नाही. सायकल किंवा धावण्याची ॲप घराच्या दारापासून सुरू झालेली रेघ दाखवतात. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावा नावाच्या अशाच ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांनी रोज धावलेल्या वाटा उजळून दिसल्या आणि वाळवंटातले लष्करी तळ जगाला कळले. गुप्तता पाळणं हेच ज्यांचं काम, त्यांच्या लक्षात आलं नाही. मग सहलीला निघताना ‘घर बंद करून चाललो कोकणात’ असं स्टेटस ठेवणाऱ्या आपल्या घरांना काय म्हणायचं? परत आल्यावर फोटो टाकले तर समुद्र काही कमी निळा दिसत नाही.

आणि कधी काही बिनसलंच, कुणी मुलीचा फोटो उचलून घाणेरडा करून पाठवला, कुणी धमकावलं, पैसे मागितले, तर तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ‘तरी तुला सांगत होते’ हे गिळून टाका. ‘बरं झालं सांगितलंस, आपण बघू’ एवढंच म्हणा. मुलं सहन करत राहतात ती धमकी देणाऱ्याला जेवढी भितात त्याहून आई-बाबांना जास्त भितात म्हणून. रागाच्या भरात मेसेज पुसून टाकू नका, आधी त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग त्या माणसाला ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम हाती लागणं अवघड. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार घरबसल्या करता येते. मुलाला आधार हवा असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ आहे. अठराखालच्या मुलाचा नग्न फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तीत फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो ओळखून काढून टाकतात. हे नंबर आणि हे नाव आजच लिहून ठेवा. त्या वेळी डोकं चालत नाही.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मुलाच्या फोनपासून करू नका. आधी तुमचा फोन त्याच्या हातात द्या. म्हणा, समज तू मला ओळखत नाहीस, माझं प्रोफाइल उघड आणि तुला काय काय कळतं ते सांग. मुलं यात भयंकर हुशार असतात, तुमच्या गाडीचा नंबर कुठल्या फोटोत आलाय तेही काढतील. त्यांनी दाखवलेल्या दोन गोष्टी तुम्ही त्यांच्यासमोर बदलल्यात की मग ‘आता तुझं बघू या का?’ हे विचारणं जड जात नाही. त्याच बैठकीत आजीचाही फोन घ्या. तिला तो कुणीतरी घेऊन दिला आणि कुणीतरी सुरू करून दिला, त्यामुळे त्यातलं बहुतेक सगळं जसं आलं तसंच आहे. तिच्या डीपीला नातवंडांचे फोटो आहेत आणि तिचा नंबर भिशीपासून भजनी मंडळापर्यंत सगळीकडे आहे. तिचं व्हॉट्सॲप लावून द्यायचं काम नातीला सांगा. नातीनं सांगितलेलं आजी ऐकते, आणि आजीला समजावून सांगताना नातीचंही पक्कं होतं.